गाळून उरलेलं

सकाळी कोड लिहायचा नवा एडिटर उघडला आणि हेरंबची सगळी फाइल लाल झाली. एखाद-दुसरी ओळ नव्हे, डोक्यापासून पायापर्यंत सगळी. प्रत्येक शब्दाखाली वळवळती लाल रेघ, पावसाळ्यात मोरीतून वर येणाऱ्या अळ्यांसारखी. त्याने खाली सरकवून पाहिलं, तिथेही तेच. पार शेवटपर्यंत तेच. पाठीमागे नीरज कागदी कप घेऊन उभा होता. त्याच्या टीममधला, चांगला हुशार, वाईट म्हणावा असा मुळीच नाही. तो वाकून बघत म्हणाला, "सर, आपकी तो पूरी कहानी ही एरर है." आणि हसला. खवचट हसला असता तरी चाललं असतं. तो मोकळेपणी हसला, आणि त्याच्या श्वासाला मशीनच्या कॉफीचा, जळक्या दुधाचा वास आला. हेरंबने स्क्रीन बंद केला आणि उगाचच बाथरूममध्ये जाऊन हात धुतले.

कहानी म्हणाला ते एका अर्थी खरंच होतं. हेरंबची प्रोग्रॅम लिहायची तऱ्हा नोएडाच्या सेक्टर बासष्टमधल्या त्या काचेच्या इमारतीत दुसऱ्या कुणाची नव्हती. बाकीचे यंत्रासाठी लिहायचे, हा माणसासाठी. आधी एक परिच्छेद, साध्या बोलण्यातला, की बाबा आता आपण काय करणार आहोत आणि का. त्याखाली कोडचा तुकडा. पुन्हा परिच्छेद, पुन्हा तुकडा. समजवायला जो क्रम सोयीचा, तो क्रम. मग त्याने स्वतः लिहिलेली एक गाळणी होती. ती या फाइलीतला कोड तेवढा गाळायची, यंत्राला लागतो त्या क्रमाने लावायची आणि दुसऱ्या फाइलीत ओतायची. दुसरी फाइल यंत्राची, पहिली माणसाची. पहिलीला तो लेख म्हणायचा. ही विद्या त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती, तरुणपणी एका परदेशी मासिकात वाचली आणि अंगाला चिकटली. एखाद्याला जेवणानंतर बडीशेप लागते, तसं त्याला प्रत्येक तुकड्याआधी 'का' लागायचं. गिऱ्हाईक बेल्जियमचं होतं, मांसाच्या शीतगोदामांचं. कुठल्या खोलीत किती थंडी, दार किती वेळ उघडं राहिलं, कुठला माल पाठवायचा आणि कुठला फेकायचा, हे सगळं हेरंबचा प्रोग्रॅम ठरवायचा. जन्मात अंडं न खाल्लेल्या माणसाने वर्षानुवर्षं लोंबकळणाऱ्या धडांचा विचार करावा, म्हणजे कमालच. पण विचार तो मन लावून करायचा. दिल्लीतल्या पटपडगंजच्या सोसायटीतून ऑफिसला येताना कॅब गाझीपूरवरून जायची. डावीकडे कचऱ्याचा डोंगर, वर घारींची चक्रं, पलीकडे कोंबड्यांचा बाजार. काच कितीही घट्ट लावली तरी तो वास आत यायचाच आणि शर्टाला चिकटून थेट ऑफिसातल्या गालिच्यापर्यंत पोचायचा. बाकीचे नाकाला रुमाल लावायचे. हेरंबला मात्र तिथेच सुचायचं. नासणं म्हणजे नेमकं काय, ते कधी सुरू होतं, बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत काय चाललेलं असतं, हे तो कॅबमध्ये मनात जुळवायचा आणि ऑफिसात येऊन लेखात उतरवायचा.

पूर्वी लेख इंग्रजीत असायचे. क्षिप्रा टीममध्ये आली आणि ते मराठीत गेले. लिपी इंग्रजीच, जुन्या एडिटरला दुसरी कळायची नाही, पण भाषा मराठी, आणि तीही चांगली, पहाडगंजच्या मराठी शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेली. क्षिप्रा मराठी घरातली. वडील केंद्र सरकारच्या मंत्रालयात, जन्म दिल्लीचा. हेरंबने तिला ती लहान असताना गणपतीच्या मांडवात पाहिलेलं होतं. पहिल्या दिवशी ती चुकून काका म्हणाली, मग जीभ चावून सर म्हणाली. तिच्या मराठीत 'बिल्कुल' आणि 'अच्छा' सारखं यायचं, पण हेल घरचा होता. हेरंबला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. दिल्लीत उभा जन्म काढलेला माणूस, बाहेर हिंदी, कामात इंग्रजी, घरी बायकोशी, प्रभाशी, भाजी आणि गॅस सिलिंडर यापलीकडे बोलणं उरलेलं नाही. त्याला एकाएकी वाचणारं माणूस मिळालं. आधी त्याने सरळ कामाचंच लिहिलं: क्षिप्रा, इथे घाई करू नकोस, दार बंद झालं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. मग हळूहळू कामाच्या शेजारी दुसरंही येऊन बसायला लागलं. गाझीपूरच्या घारी आल्या. ऑफिसातल्या कॉफीला भांडी विसळलेल्या पाण्याची चव आहे, हे आलं. प्रभा जेवताना टीव्हीकडे बघते आणि तिच्या ताटातलं वरण निवून साय धरतं तरी तिला कळत नाही, हेही आलं. क्षिप्रा यावर कधी एक शब्द बोलली नाही, आणि हेरंबला त्याचंच फार अप्रूप वाटायचं. काय पोरगी आहे, सगळं वाचते आणि पोटात ठेवते. कॉफीबद्दल लिहिलं त्या आठवड्यात तिने घरून थर्मासमध्ये आल्याचा चहा आणला, त्यालाही दिला. झालं, याला उत्तर मिळालं. तिने त्याच्या कोडात केलेले बदल इतके बरोबर बसायचे, की लेख वाचल्याशिवाय ते जमणंच शक्य नाही, अशी त्याची पक्की खात्री होती. साऱ्या नोएडात, या नंबर घातलेल्या चौकोनांत, एक माणूस आपलं ऐकतं, एवढ्या आधारावर तो रोज सकाळी बूट घालायचा.

त्यामुळे राजीवने जे केलं ते त्याच्या थेट मुळावर आलं. राजीव म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर. हेरंबहून लहान, केसांना जेल, कमरेला मोबाइलची पिशवी. त्याचंही सगळंच चूक होतं असं नाही. नीरजने एकदा गाळलेल्या फाइलीतच परस्पर एक दुरुस्ती केली होती. पुढच्या वेळी हेरंबने गाळणी चालवली आणि जुना कोड नव्यावर बसला, दुरुस्ती साफ पुसली गेली. बेल्जियममध्ये चांगला माल फेकला गेला आणि तिथून आलेल्या फोनवर राजीवला ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे लेख खुपत होते. आता कंपनीने सगळ्यांसाठी नवा एडिटर घेतला होता. टाइप करता करता चूक दाखवणारा, अर्धा शब्द लिहिला की उरलेला पुरवणारा. हेरंबची फाइल त्याला पचेना. तो बापडा मराठीलाच कोड समजत होता आणि शब्दाशब्दाला अडत होता. राजीवने केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. एवढा मान दिला म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे हेरंबने ओळखलंच. "हेरंबजी, आप सीनियर हैं, आपकी इज्जत है," राजीव म्हणाला. "पर महीने के एंड तक ये फाइलें बाकी सब की तरह एडिटर में चलनी चाहिए. नहीं तो कोड अलग कर लेंगे और वो जो आप लिखते हैं, वो हटा देंगे." वो जो आप लिखते हैं. त्याला नावसुद्धा नव्हतं. बोलताना राजीव दातांत अडकलेलं काहीतरी जिभेने काढत होता, आणि हेरंबला त्या जिभेकडे बघवेना. "चल जाएँगी," तो म्हणाला आणि उठला.

मग सुरू झाली मारामारी. उन्हाळा रणरणत होता, दिवसातून कितीदा वीज जायची, इमारतीच्या मागचा जनरेटर धडधडत उठायचा आणि डिझेलचा धूर एसीतून आत यायचा. हेरंब डोळे चोळत त्या एडिटरशी झुंजत होता. पहिल्यांदा त्याने सोपं करून पाहिलं: एडिटरला फाइल देताना लेखाच्या ओळी रिकाम्या करून द्यायच्या, कोड जागच्या जागी ठेवायचा. लाल रेघा गेल्या, पण कोडचे तुकडे माणसाच्या क्रमाने होते, यंत्राच्या नव्हे, म्हणून एडिटर नव्या तक्रारी करायला लागला. हे नाव कुठून आलं, याची ओळख कुणी करून दिली. मग उलटं केलं: गाळलेला, नीट लावलेला कोडच एडिटरला द्यायचा. तो खूश. पण मग तो चूक दाखवायचा ती गाळलेल्या फाइलीतली, लेखातल्या भलत्याच ओळीवर बोट ठेवायचा. बेल्जियममधल्या मांसाची चूक प्रभाच्या वरणावर दिसायची. हे पाहिल्यावर हेरंबला शिसारी आली. त्या ओळींवर त्या यंत्राने बोट ठेवावं, हेच त्याला ओंगळ वाटलं. एखाद्या परक्याने आपल्या गादीखाली हात घालून चाचपावं तसं. आणि आपल्याला एवढं वाटावं असं त्या ओळींत काय आहे, असा प्रश्न एक क्षण मनात आला. तो त्याने माशी हाकलावी तसा हाकलला. घरी त्याच्या तोंडाला चव नव्हती. प्रभाने एकदा विचारलं, "तब्येत बरी नाही का तुमची?" "कामाचं आहे," तो म्हणाला. "मग सांगा की, मला काय कळत नाही असं थोडंच आहे," ती म्हणाली. टीव्ही त्या वेळी बंद होता, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तो मनात गाळलेल्या ओळी आणि लेखातल्या ओळी यांची सोयरीक जुळवत होता. तीच अखेर जुळली. त्याने एक मध्यस्थ प्रोग्रॅम लिहिला. तो एडिटर आणि लेखाच्या मधे बसायचा. एडिटरला कोड द्यायचा, त्याची तक्रार घ्यायचा, प्रत्येक ओळ मूळची कुठल्या घरची हे लक्षात ठेवून तक्रार बरोबर त्या दारात पोचवायचा. शिवाय एक बटण ठेवलं: ज्याला लेख बघायचा नसेल त्याने दाबावं, परिच्छेद मिटतील. आणि राजीवच्या समाधानासाठी आणखी एक, लेख कायमचा काढून टाकणारं. हे कुणी कधी वापरणार नाही, असं स्वतःला बजावत त्याने ते अगदी कोपऱ्यात घातलं.

दाखवायचा दिवस आला. मीटिंगच्या खोलीत पडद्यावर हेरंबची फाइल उघडली आणि कुठेही लाल रेघ नव्हती. मराठी परिच्छेद शांत करड्या रंगात, त्यांच्यामध्ये कोड रंगीत. त्याने मुद्दाम एक चूक केली, रेघ नेमकी तिथेच उठली. दुरुस्त केली, विझली. नीरजने टेबलावर थाप मारली. "सर, ये तो कमाल है यार, बिल्कुल मक्खन." राजीवसुद्धा खुर्चीत पुढे सरकला, हे बाहेर विकता येईल का, असलं काहीतरी बोलायला लागला. हेरंबला क्षणभर इतकं हलकं वाटलं की ती एसीची कोंदट हवादेखील त्याला गोड लागली. गड राखला होता. त्याने क्षिप्राकडे पाहिलं. हे तुझ्यासाठी, असं त्या बघण्यात होतं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. क्षिप्रा मनापासून हसत होती. बाहेर आल्यावर ती त्याच्या टेबलाशी आली. "सर, मस्तच झालं. आता माझी कटकट गेली."

"कसली कटकट?"

"अहो, ते लेख काढायची. मी आले ना, पहिल्याच आठवड्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तुमची फाइल आली की वरचं सगळं पुसायचं, फक्त कोड ठेवायचा, आणि परत देताना जिथल्या तिथे चिकटवायचं. तुम्हाला बोलले नाही, वाटलं उगाच वाईट वाटेल. आता बटणच आहे."

हेरंबने विचारलं, "म्हणजे तू वाचलंच नाहीस?"

"सर, खरं सांगू का. मला मराठी बोलता येतं, पण वाचताना अटकते मी. आणि ते इंग्लिश अक्षरांत, तेही एवढं शुद्ध, डोकंच गरगरतं. आई म्हणते तशी मी अर्धी पंजाबीच झालेय. पण तुमचा कोडच इतका साफ असतो ना, की वरचं वाचायची जरूरतच पडत नाही." तिने हे कौतुक म्हणून सांगितलं. तिचा काही दोष नव्हता, आणि हीच सगळ्यात घाण गोष्ट होती, की कुणावर चिडावं असं कुणी सापडेना. थर्मासमधला चहा फक्त चहा होता, तिला मशीनची कॉफी आवडत नव्हती म्हणून आणलेला. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं तर गाढव कोण, तेही आता दिसत होतं. हेरंबच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण क्षिप्राचा स्वर एकदम मऊ झाला. "सर, तुम्ही एवढी मेहनत केली. मी आता वाचते. सच्ची. लंचनंतर बसते, पहिल्यापासून, जोरात वाचलं की समजतं मला. आणि कुठे अटकले तर आईला फोनवर वाचून दाखवीन, तिला फार आवडेल." एवढं बोलून ती डबा घेऊन नीरजबरोबर खाली गेली.

किती दिवस ज्या वाक्यासाठी तो जगला, ते वाक्य ती बोलून गेली होती. हेरंब खुर्चीत टेकला आणि त्याने लेख उघडला. ती पहिल्यापासून वाचणार, तर आपणही एकदा पहिल्यापासून वाचू. पहिले परिच्छेद ठीक होते. दार, थंडी, माल. मग सूर बदलला. तो जणू तिच्या तोंडून, जोरात, अडखळत ऐकत होता, आणि पलीकडे फोनवर तिची आई, गणपतीत त्याला प्रसाद देणारी बाई, कान देऊन. क्षिप्रा, तुला एकटीलाच हे कळेल. क्षिप्रा, आज घारी खूप खाली होत्या, तुझी आठवण झाली. प्रभाबद्दलचं ते सगळं, तिच्या घोरण्याबद्दल, तिच्या सुजलेल्या पायांबद्दल, एका परक्या मुलीला ऐकवलेलं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ओशट. आणि मध्येच, तापमानाच्या कोष्टकाच्या वर, एक वाक्य, जे आपण लिहिलं हेही तो विसरला होता: तुझ्या ओढणीला नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास येतो, हे मी तुला सांगणार नाही. पण सांगितलंच होतं की. हुंगलं होतं, आणि हुंगून लिहून ठेवलं होतं, कंपनीच्या फाइलीत, बेल्जियमच्या मांसाच्या मधोमध. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, देवळात उजळ माथ्याने जाणारा. गाझीपूरचा वास रोज बाहेरून येतो असं तो समजत होता. ती उद्या काका म्हणणार नाही, सर म्हणणार नाही, काहीच म्हणणार नाही, नुसती खुर्ची थोडी लांब घेईल, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं. आणि तिने तसं केलं तर ते अगदी रास्त असेल, हेही. निवडून तेवढंच काढावं म्हणून त्याने खाली-वर केलं, पण निवडता येईना. कुठला परिच्छेद कामाचा आणि कुठला त्याचा स्वतःचा, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं, दोन्ही एकमेकांत मुरलेलं. खालून कॅन्टीनच्या फोडणीचा वास आला. लोक जेवून वर यायला लागले होते. त्याने कोपऱ्यातलं ते बटण दाबलं. एडिटरने विचारलं, नक्की? त्याने हो म्हटलं. मग सर्व्हरवरच्या प्रती उघडून तिथेही हो म्हटलं. काम चोख झालं. त्याचाच प्रोग्रॅम होता, चुकणार कसा.

क्षिप्रा आली, हात पुसत बसली, फाइल उघडली. बराच वेळ खाली-वर बघत राहिली. "सर, इथे तर काहीच नाही."

"काढलं. राजीवला तेच हवं होतं."

"पण मी वाचणार होते ना." तिच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. हेरंब दुसऱ्या स्क्रीनवरचं काहीतरी वाचत असल्याचं दाखवत राहिला. तीही मग कामाला लागली. दुपार ओलांडली, वीज जाऊन आली. तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"सर, ही एक अट बघा. दार जास्त वेळ उघडं राहिलं की माल रिजेक्ट. पण पुढे टेम्परेचर परत नॉर्मल झालंय, तरीही रिजेक्टच करतो. नीरज म्हणतो फालतू आहे, काढून टाक. काढू?"

यावर त्याने पानभर लिहिलेलं होतं. एकदा तापलेलं पुन्हा थंड केलं म्हणजे पूर्वीसारखं झालं असं नाही, जे आत सुरू होतं ते थंडीत फक्त थांबतं, उलटं फिरत नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं आणि त्याच्या मागोमाग ओढणी आली, पेन्सिल आली, घारी आल्या. त्याने तोंड मिटलं.

"नको. राहू दे."

"अच्छा. पण का?"

"असंच आहे ते."

क्षिप्राने मान डोलावली. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. ऑफिसात सगळे असंच बोलायचे. मग पुढे कुणी चुकून काढू नये म्हणून तिने त्या अटीच्या वर एक ओळ लिहिली, भराभर, इंग्रजी अक्षरांत, आणि एडिटरने ती करड्या रंगात, शांतपणे ठेवून घेतली. अख्ख्या फाइलीत माणसासाठी लिहिलेली आता तेवढीच एक ओळ होती. हेरंबने ती वाचली: सर ने कहा है, मत छेड़ना.